मुंबई बंदर आणि कापसाचें शेत

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर शिवडीच्या अलीकडे 'कॉटन ग्रीन' नांवाचें एक स्टेशन आहे. तेथें रोज हजारों माणसें चढतात-उतरतात. परंतु हें नांव कोठून आलें याची चौकशी करणारा विरळा. मूळचें 'कॉटन ग्रीन' शिवडीस नव्हतें. किल्ल्यांत सेंट थॉमसच्या देवळापुढें, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागीं, एक मोकळें मैदान होतें व परदेशीं जाणाऱ्या कापसाच्या राशी तेथें पडत असत. १८४४ सालीं हा बाजार कुलाब्यास हलला, आणि १९२० नंतरच्या दशकांत तेथूनहि उठून शिवडीस आला. आज तेथें नांव तेवढें उरलें आहे.

एखाद्या बंदराच्या निर्यातीचा इतिहास बहुधा बंदराच्या वहीवरूनच लिहिला जातो. किती गासड्या जहाजावर चढल्या, कोणत्या देशास गेल्या, शहरांत किती पैसा आला, हें त्या वहींत मिळतें. ज्या शेतांतून तो माल आला त्याचें खातें मात्र तींत नसतें. आम्हीं स्वतः अनेक वर्षें वर्गांत मुंबईचा उत्कर्ष शिकवितांना या वहीपलीकडे फारसें पाहिलें नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखांत तें दुसरें खातें उघडून दोन्ही ताडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

मुंबई बेटावर स्वतःचें असें निर्यात करण्याजोगें पीक कधींच नव्हतें. १६६८ सालीं तें वर्षाच्या दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस मिळालें, तें बंदराच्या सोयीसाठीं. जमिनीच्या कसासाठीं नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंपनीस चीनचा चहा हवा होता व चिनी व्यापाऱ्यांना विलायती मालाची फारशी गरज नव्हती. तेव्हां ही तोंडमिळवणी करण्यासाठीं गुजराथेंतील कापूस मुंबईहून कॅन्टनला जाऊं लागला. त्याच्या जोडीस पुढें माळव्याची अफू आली. अफू हेंहि शेतीचेंच पीक. आणि मुंबईच्या कित्येक थोर घराण्यांच्या संपत्तींत व त्यांच्या दानधर्मांत या दोन पिकांचा वांटा मोठा आहे. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. अफूचा हा प्रवाह १९०७ च्या करारानें आटूं लागला व १९१३ सालीं चीनकडे जाणें बंद झाला. तिची कथा स्वतंत्र लेखाची आहे. आपण कापसाकडे वळूं.

बंदर दूरच्या शेताची दिशा कशी बदलतें, याचा उत्तम दाखला म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडांतील कापूस पूर्वीं बैलांच्या पाठीवरून उत्तरेस मिर्झापूरकडे जात असे व गंगेच्या खोऱ्यांतील विणकर तो घेत. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीनें तो मुंबईकडे आणण्यास आरंभ केला. वाट शेंकडों मैलांची, शेवटीं घाट. पावसानें भिजलेला, धुळीनें माखलेला माल महिन्या-दोन महिन्यांनीं बंदरावर पोहोंचे. १८३० मध्यें बोरघाटांत गाडीरस्ता झाला आणि १८५३ सालीं निजामाशीं झालेल्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं आलें. त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. या गोष्टी एकाच साखळीचे दुवे होत.

तथापि लँकशायरच्या गिरणीवाल्यांस आपल्या कापसाची गोडी नव्हती. त्यांचें मन अमेरिकेच्या लांब धाग्यावर जडलेलें. मुंबईहून गेलेल्या सगळ्याच मालास तेथें 'सुरती' म्हणत, आणि तो शब्द जवळजवळ शिवीच्या जागीं वापरला जाई. धागा आंखूड, त्यांत सरकी, पाला, माती. वजन वाढावें म्हणून मुद्दाम ओल दिलेली. भेसळीस आळा घालण्यासाठीं मुंबई सरकारास १८६३ सालीं खास कायदा करावा लागला. हा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथीं मारण्याची त्या काळीं रीत होती. परंतु शेत आणि जहाज यांच्यामध्यें सावकार, खेडा खरेदी करणारा, अडत्या, दलाल व निर्यातवाला इतके हात असतां, आणि चांगल्या मालाचा चढा भाव पहिल्या हातापर्यंत पोहोंचत नसतां, माल स्वच्छ राखण्यांत शेतकऱ्याचें हित कोणतें होतें?

अशा स्थितींत एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली व लिव्हरपूलला येणारा अमेरिकन कापूस अडला. कालपर्यंत नाक मुरडून घेतलेला 'सुरती' आतां हवाहवासा झाला. भाव तिपटीहून अधिक चढला. पांच वर्षांत मुंबईस नेहमींच्या उत्पन्नावर ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मिळाले, असा तत्कालीन अंदाज आहे. या पैशास वाट हवी होती. ती शेअरांच्या सट्ट्यांत सांपडली. नव्या पेढ्या, बँका व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरास पन्नास हजारांवर अधिमूल्य चढलें. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) या कापसाच्या दलालाच्या शब्दावर बँका कर्जें देत. गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' याच धामधुमींत, १८६३ सालीं, प्रसिद्ध झालें.

एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेचें युद्ध संपलें आणि भाव कोसळला. वायदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५. त्या दिवशीं मुंबईंतील बडीं बडीं घरें बसलीं. प्रेमचंदाचें दिवाळें निघालें. खुद्द बँक ऑफ बॉम्बे पुढें तीन वर्षांत गुंडाळावी लागली. येथवरची कथा सर्वांच्या परिचयाची आहे, आणि ती सांगतांना आपल्या लेखकांस मोठी रंगत येते. परंतु ती येथें संपत नाहीं. प्रेमचंदानें सुबत्तेच्या दिवसांत विद्यापीठास चार लक्ष रुपये दिले होते. त्यांतून ग्रंथालय व त्याच्या मातेच्या नांवाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. शहरावर संकट आलें खरें, पण पेढ्या बुडाल्यावरहि शहराजवळ आगगाडी, भरून काढलेली जमीन, गिरण्या आणि हा मनोरा राहिला. शेताजवळ काय राहिलें?

याचें उत्तर देतांना घाई करूं नये. महागाईच्या त्या चार वर्षांत शेतकऱ्याच्या हातीं कांहींच लागलें नाहीं, असें म्हणणें खोटें ठरेल. खानदेश, वऱ्हाड, धारवाड या भागांत पैसा निश्चित आला. देशावरच्या ज्या तालुक्यांत कापूस थोडा, तेथेंहि धान्याचे भाव चढले आणि आगगाडीच्या कामामुळें मजुरी व बैलभाडें वाढलें. पण या सुबत्तेबरोबर दोन गोष्टी आल्या. पहिली ही कीं, सावकाराचा हात सैल झाला. चढ्या भावाच्या भरंवशावर शेतकऱ्यास पूर्वीं न मिळणारें कर्ज मिळूं लागलें. दुसरी ही कीं, पुणें जिल्ह्यांत तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत याच सुमारास संपत आली होती. १८६७ पासून इंदापूर व पुढें भीमथडी वगैरे तालुक्यांत सारा नव्यानें ठरला, तेव्हां अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढें महागाईच्या वर्षांचे भाव होते. भाव खालीं आले. सारा वर गेला. कर्ज होतें तेथेंच राहून व्याजानें वाढलें.

याची परिणति १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें झाली. बाजारच्या दिवशीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें लुटलीं. हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवांत पसरलें. या दंग्यांत मनुष्यहानि फारशी झाली नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लोकांस हवे होते ते कर्जरोखे. ते हातीं आले कीं होळी करावयाची व घरीं जावयाचें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कापसाच्या भावाची घसरण हेंच या दंग्याचें एकमेव कारण होतें असें आमचें म्हणणें नाहीं. अलीकडच्या संशोधकांनीं त्याविषयीं शंका घेतली आहे व ती रास्त आहे. परंतु अमेरिकेंतील युद्ध, लिव्हरपूलचा भाव, मुंबईंतील स्वस्त पैसा, सावकाराची सैल मूठ आणि कलेक्टर कचेरींतील साऱ्याचे तक्ते यांची सांगड कोठेंतरी पडली, हें नाकारतां येत नाहीं. १८७६ ते १८७८ या वर्षांत देशावर मोठा दुष्काळ पडला. राजाबाई मनोऱ्याचें काम त्याच १८७८ सालीं पुरें झालें.

पुढील इतिहासांत गिऱ्हाईक बदललें, पण बंदर आणि शेत यांचें नातें बदललें नाहीं. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्यें समुद्राखालून तारायंत्र आलें. त्याच वर्षीं खामगांवास आगगाडीचा फांटा मिळाला. राली, व्होल्कार्ट यांसारख्या युरोपीय पेढ्यांचे गुमास्ते थेट वऱ्हाडच्या पेठांत बसूं लागले. 'उमरा' या नांवानें अमरावतीचा कापूस युरोपखंडांत खपूं लागला. मुंबईंत प्रिन्सेस डॉक (१८८०) व व्हिक्टोरिया डॉक (१८८८) बांधून झाले. इकडे वऱ्हाडांत ज्वारीचीं रानें कापसाखालीं जात होतीं. दुष्काळापासून सुरक्षित मानलेल्या त्या प्रांतास १८९९-१९०० मध्यें भयंकर दुष्काळ सोसावा लागला. आगगाडी कापूस घेऊन गेली व धान्य घेऊन आली हें खरें. पण कापूस बुडाल्यावर तें धान्य विकत घेण्यास हातांत पैसा नव्हता.

१८९३ मध्यें जमशेटजी टाटांच्या खटपटीनें जपानी कंपनीच्या बोटी मुंबई-कोबे अशा सुरू झाल्या आणि हळूहळू जपान हेंच आपल्या आंखूड धाग्याचें मोठें गिऱ्हाईक बनलें. १९३३ सालीं जपानी कापडावरील जकातीचा तंटा विकोपास गेला व जपाननें हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ मध्यें तडजोड झाली, ती अशी कीं, जपाननें किती गांठी कापूस घ्यावा त्या मानानें त्यानें येथें किती वार कापड विकावें. ओसाका व मुंबई येथील गिरण्यांचें भांडण, आणि त्यांत तारण म्हणून ठेवलेला वऱ्हाडचा कापूस! १९४७ च्या फाळणीनें सिंध व पश्चिम पंजाबचीं लांब धाग्याचीं शेतें गेलीं आणि कापूस पाठविणारी मुंबई कापूस मागवूं लागली. १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें एकाधिकार खरेदी योजना काढून दलालास दूर करून पाहिलें. तीस-एक वर्षांत तीहि मोडकळीस आली.

१९८९ सालीं न्हावाशेवाचें बंदर सुरू झाल्यावर जुन्या गोद्यांचें वैभव खाडीपलीकडे गेलें. आज तेथून नाशिकचीं द्राक्षें, आंबे, कांदा, तांदूळ परदेशीं जातात. माल बदलला, यंत्रें बदललीं, शेतकरीहि पूर्वींचा निरक्षर कुणबी राहिला नाहीं. परंतु २०१० सालीं युरोपनें द्राक्षांत एका औषधाचा अंश सांपडला म्हणून पेट्या नाकारल्या, २०१४ मध्यें हापूस अडविला, आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ खुद्द आपल्याच सरकारनें कांद्याची निर्यात बंद ठेविली, तेव्हां प्रत्येक वेळीं निर्णय दूर कोठें तरी झाला व त्याची झळ शेतास पोहोंचली. सगळा दोष परकीयांवर ढकलण्याची संवय आपण सोडावी, एवढ्यासाठींच हा शेवटचा दाखला दिला. १८६५ सालींहि मधले हात बहुतेक आपलेच होते.

परदेशीं माल पाठवूं नये, असा याचा अर्थ नव्हे. निर्यात नसती तर काळ्या रानाच्या कापसास मोल आलें नसतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, भाव चढतो तेव्हां शहर त्याचा कांहीं भाग दगड-विटांत, रुळांत व विद्येत सांठवून ठेवतें. शेत तो सांठवूं शकत नाहीं, कारण तेथें पोहोंचतो तो बहुशः कर्जाच्या रूपानें. बंदराच्या वहींत ही गोष्ट सांपडणार नाहीं. ती गांवोगांवच्या जुन्या खतांत, सावकारांच्या चोपड्यांत व साऱ्याच्या कागदांत आहे. हे कागद वाळवीच्या तोंडीं जात आहेत. आमच्या तरुण अभ्यासकांनीं मुंबईच्या दप्तरखान्यांतून निघून एकदां सुपें, खामगांव, हिंगणघाट येथील जुन्या वाड्यांकडे वळावें व हें दुसरें खातें नीट मांडावें. कॉटन ग्रीनवरून जातांना त्यांतील एखाद्यास तरी हा विचार सुचला, तर या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.