लोणा

पावसाळा संपला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, की आमच्याकडे गाद्या, पुस्तकं, ट्रंका सगळं अंगणात येतं. यंदा वडिलांची ट्रंक उघडली आणि मन खट्टू झालं. वडील मिठागरावर कारकून होते. त्यांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, वर हिरवी-काळी बुरशी. कुबट वासाने हिला खोकला सुरू झाला. तिला दमा आहे.

दोष माझाच. सांगतो.

धरमतर खाडीकाठची आमची जमीन मुळात समुद्राकडून मागून घेतलेली. बांध घालून खाऱ्या पाण्याला अडवायचं आणि आत भात पिकवायचं, हे इथे इंग्रज येण्याआधीपासून चालत आलंय. बांध घालणाऱ्यांच्या जमिनींना शिलोत्री म्हणत. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची हकीकत आहे. पुढे 1948 मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला. बांध बांधले, पण मातीतलं मीठ काही कायद्याने जात नाही!

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. आमचं जुनं घर उंच दगडी जोत्यावर होतं. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला चुना, वर कौलं. (मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला.) जमिनीतून वर येणारी ओल सारवलेल्या जमिनीतून आणि मातीच्या भिंतीतून उडून जायची. चुन्यावर बुरशीला सहज पाय रोवता येत नाही. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जाता जाता वासे कोरडे ठेवायचा. त्या धुराने आईचे डोळे गेले तेही खरं, उगाच जुन्याचे गोडवे गात नाही.

1984 मध्ये मी ते घर पाडलं. शाळेत मुलांना 'पक्कं घर' शिकवणारा मास्तर मातीच्या घरात कसा राहणार? पुण्याच्या ताईने तेव्हा विरोध केला होता, तिला मी वेड्यात काढलं. स्लॅब टाकला, लादी बसवली, भिंतीला ऑइलपेंट. मिस्त्रीने खाडीची रेती वापरली, स्वस्त पडते म्हणून मीही गप्प बसलो.

तीन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला. पोपडे सुटले, पांढरी भुकटी पडू लागली. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. कोकणच्या पावसात ती सहज त्याच्या वर जाते, म्हणून गळती नसतानाही भिंत घामेजते. जमिनीची ओल लादीखालून भिंतीत चढते, ऑइलपेंटमुळे बाहेर पडत नाही. आतलं लोखंडही गंजतं. मी मात्र दर दोन वर्षांनी वर नवा रंग फासत राहिलो! 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा वरचे पत्रे उडाले, त्यानंतर तर विचारूच नका.

हिचा दमा या भिंतींनीच दिला, असं मी म्हणणार नाही. पण ओलसर, बुरशीच्या घरांचा दम्याशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगितलंय. ते मी वाचलं परवा, नातवाने दाखवल्यावर. मुलगा म्हणतो, ''बाबा, एसी लावू आणि खिडक्या बंद ठेवू.'' एसीने हवा सुकेल, भिंतीतल्या मिठाचं काय?

शेवटी ठरलं ते असं. कमरेपर्यंतचा गिलावा काढायचा, उन्हाळाभर विटा उघड्या ठेवायच्या, मग चुन्याचा गिलावा. ऑइलपेंट नाही. स्वयंपाकघरात वाफ खेचणारा पंखा. भिजलेले कपडे घरात वाळत घालायचे नाहीत, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. मीठ सगळं निघणार नाही, पण भिंतीला श्वास तरी घेता येईल.

वह्यांतली अकरा पानं वाचता येतात. नातवाने फडकं बांधून, अंगणातच, त्यांचे फोटो काढले. एका पानावर जुन्या घराच्या जोत्याचा हिशेब आहे: दगड, गाडीभाडं, मजुरी. जोत्याची उंची लिहिलेली ओळ नेमकी बुरशीने खाल्लीय. ताई, तुझ्याकडे अंगणातला तो लग्नाचा फोटो आहे ना? त्यात पायऱ्या किती दिसतात ते मोजून कळव.