वाहतूक-शमन (नांदेड व लातूर)

रस्त्याच्या रचनेतच बदल करून वाहनांचा वेग आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीस वाहतूक-शमन असे म्हणतात. चालकाने फलक वाचला नाही किंवा चौकात पोलीस नसला, तरीही वेग वाढू नये, अशी रस्त्याची आखणी करणे हे तिचे सूत्र होय. उंचावलेले पादचारी मार्ग, चौकातील वर्तुळे, अरुंद मार्गिका, वळणावरील आखूड त्रिज्या आणि गतिरोधक ही तिची प्रचलित साधने आहेत. मराठवाड्यातील लातूर व नांदेड ही शहरे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. लातुरात मोटारपूर्व काळातील वर्तुळाकार बाजारपेठ आजही वापरात आहे, तर नांदेडमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात प्रमुख रस्त्यांची नव्याने आखणी झाली.

संकल्पना

‘ट्रॅफिक काल्मिंग’ ही इंग्रजी संज्ञा जर्मन शब्दाच्या भाषांतरातून आली. प्रत्यक्ष प्रयोगाचा आरंभ मात्र नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाला. तेथील रहिवाशांनी झाडांच्या कुंड्या व बाके मांडून गल्लीतून भरधाव जाणाऱ्या मोटारींना वळणे घेण्यास भाग पाडले. १९७६ मध्ये अशा निवासी रस्त्यांना त्या देशात कायदेशीर मान्यता मिळाली.

वेगाला एवढे महत्त्व देण्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते, तर ५० किलोमीटर वेगाचे सुमारे १४ मीटर. समोर मूल आलेले पाहून ब्रेक दाबेपर्यंतच हे अंतर कापले जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होत्या. देशातील मृतांमध्ये दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर पादचाऱ्यांचे १९ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे मोटारीत न बसलेली माणसेच बहुसंख्येने मरण पावतात.

लातूर

लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये हैदराबाद संस्थानातील नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार आकारास आली. मध्यभागी दुमजली वर्तुळाकार इमारत व जगदंबा देवीचे मंदिर असून तेथे १६ रस्ते येऊन मिळतात. सराफी, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या पेठा या रस्त्यांवर वसल्या. रचनाकारासमोर तेव्हा बैलगाड्या आणि चालणारे ग्राहक होते; तरीही वर्तुळाकार चौकाचा मुख्य गुण या आखणीत आपसूक आला आहे. चौकात शिरणाऱ्याला सरळ रेषेत जाता येत नाही, वळावेच लागते आणि वळताना वेग उतरतो. साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात वा मिळतात. एकेरी मार्गिकेच्या आधुनिक वर्तुळात ही संख्या ८ वर येते.

मात्र गोलाईला आधुनिक अर्थाने वाहतूक-वर्तुळ म्हणता येणार नाही. १६ तोंडांची वाहतूक, हातगाड्या, माल उतरवणारे टेंपो आणि उभी केलेली वाहने यांमुळे तेथे वेग कमी असतो तो बहुतांशी कोंडीमुळे. कोंडी आणि शमन यांत गल्लत होऊ नये. शमनात वाहने संथ पण अखंड चालतात आणि पादचाऱ्याला हक्काची जागा मिळते. कोंडीत तीच जागा सर्वप्रथम जाते.

लातूरचा दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे बाहेरगावची हजारो मुले येथे खोली, खाणावळ आणि शिकवणी यांच्या दरम्यान पायी, सायकलने वा दुचाकीने ये-जा करतात. वर्ग सुटण्याच्या वेळी एकाच रस्त्यावर लोंढा उतरतो. शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणि उंचावलेले पादचारी मार्ग हे उपाय अशाच ठिकाणांसाठी सुचवले जातात.

नांदेड

२००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त देशविदेशांतून भाविक येणार असल्याने कामांना गती आली. वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या संस्थेने येथील प्रमुख रस्त्यांची आखणी केली. तिच्यात वाहनांच्या मार्गिकेबरोबरच सलग पदपथ, सायकल मार्ग, झाडांच्या रांगा, बसण्याच्या जागा आणि फेरीवाल्यांसाठी जागा यांचा विचार होता. सचखंड हुजूर साहिब येथे येणारा भाविक हा मुख्यतः पायी चालणारा असल्याने ही आखणी शहराच्या स्वभावाशी जुळणारी होती. रस्तारुंदी म्हणजे सुधारणा, ही समजूत तिने मोडीत काढली. रुंदी वाढली आणि शेजारी पदपथ नसला, तर रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाचे अंतर आणि वाहनाचा वेग दोन्ही वाढतात.

अशा रस्त्यांचे यश देखभालीवर अवलंबून असते. पदपथावर दुचाकी उभ्या राहिल्या की पादचारी मार्गिकेत उतरतो आणि आखणी कागदावरच उरते. फेरीवाल्यांना केवळ हुसकावून प्रश्न सुटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीमार्फत त्यांच्या जागा ठरवण्याची तरतूद केली आहे.

गतिरोधक

अपघात झाला की लोकांची पहिली मागणी गतिरोधकाची असते आणि पुष्कळदा रातोरात डांबराचा ढिगारा उभा राहतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असावा. त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने विनाधक्का जाता येते. अरुंद व उभट गतिरोधक रात्री दिसत नाही, दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे देतो. म्हणून त्याआधी सूचनाफलक आणि त्यावर पांढरे पट्टे आवश्यक असतात.

कायदेशीर तरतूद

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ समाविष्ट झाले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल विहित मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोवर अपघाताची जबाबदारी ठरवताना विचार प्रामुख्याने चालकाचाच होत असे.