औषधोपचारांच्या जाहिराती आणि स्वनियमन

भारतात औषधोपचारांच्या जाहिरातींवर आधी कायदा आला. जाहिरात व्यवसायाने स्वतःला नियम घालून घेतले ते त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने ठरावीक रोगांवरच्या औषधांची जाहिरात हाच गुन्हा ठरवला आणि ताईत, मंत्र, कवच यांनाही त्यात ओढले. औषधे बनवणाऱ्या ‘हमदर्द दवाखाना’ने त्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा राखला, मात्र रोगांची यादी वाटेल तशी वाढवण्याचा सरकारचा मोकळा अधिकार रद्द केला. म्हणून १९६३ मध्ये कायद्यालाच परिशिष्ट जोडावे लागले. मधुमेह, कर्करोग यांच्यासह ५४ विकार त्यात आहेत.

कायदा कडक होता, पण खटला भरणार कोण? ही पोकळी १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने काही अंशी भरली. जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमे यांनी मिळून उभारलेली ही ना-नफा संस्था. तक्रार आली की तिची ग्राहक तक्रार समिती दाव्याचा पुरावा मागते; तो न पटल्यास जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही, आणि हेच तिचे खरे दुबळेपण. जाहिरात मागे घेतली जाईपर्यंत रुग्णाचे पैसे आणि वेळ गेलेले असतात. २००६ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी तिच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवण्यास मनाई केली, तेव्हा कुठे तिच्या शब्दाला, निदान पडद्यापुरते, कायद्याचे बळ मिळाले. तक्रारीची वाट न पाहता वृत्तपत्रांतल्या आणि वाहिन्यांवरच्या जाहिराती स्वतः तपासण्याचे काम परिषदेने २०१२ मध्ये सुरू केले. अशाच देखरेखीसाठी २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाने तिच्याशी करार केला.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी गेले अशा मोजक्या प्रसंगीच त्यांना निवेदन छापता येते. पण शिस्तभंगाची कारवाई होते ती नोंदणीकृत डॉक्टरवर. भपकेबाज जाहिरात देणारे कंपनीचे रुग्णालय तिच्या कक्षेत सहज सापडत नाही. त्यामुळे अशा दाव्यांच्या तक्रारी जाहिरात मानक परिषदेकडे येतात.

वैद्यकीय उपकरणे या चौकटीत फार उशिरा आली. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या दृष्टीने ‘औषध’ ठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या विपणनासाठी स्वतंत्र आचारसंहिता निघाली; तक्रारी ऐकण्यासाठी उद्योग संघटनांनी आपापली नीती-समिती नेमावी, असे तिने सांगितले. त्याआधी, त्याच वर्षी ७ मे रोजी, पतंजलीच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशनने दाखल केलेल्या खटल्यात, जाहिरात प्रसिद्ध करण्यापूर्वी जाहिरातदाराने स्वयंघोषणापत्र द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. जुलैत केंद्र सरकारने ही अट खाद्यपदार्थ आणि आरोग्य या क्षेत्रांपुरती ठेवली.