न्यायमित्र : एक तळटीप

न्यायमित्र म्हणजे पक्षकार नसूनही न्यायालयाला कायदा आणि वास्तव समजायला मदत करणारी व्यक्ती किंवा संस्था. फौजदारी खटल्यात पीडिता बहुधा केवळ साक्षीदार असते, म्हणून लिंगाधारित हिंसेत ही मदत फार मोलाची ठरते.

दक्षिण आफ्रिकेतला मसिया खटला पाहावा. नऊ वर्षांच्या मुलीवरचा गुदमार्गी अत्याचार तेव्हाच्या व्याख्येत बलात्कार ठरत नव्हता. ‘त्श्वारानांग’ ही महिला-हक्क संस्था एका विद्यापीठीय कायदा केंद्रासह न्यायमित्र म्हणून उभी राहिली. व्याख्येत पुरुष पीडितांनाही घ्यावे, असे त्यांनी मांडले. मे २००७मध्ये संविधान न्यायालयाने व्याख्या रुंदावली, पण स्त्रियांपुरतीच, आणि तीही पूर्वलक्षी नव्हे. सरन्यायाधीश लांगा यांनी मात्र पुरुषांच्या बाजूने भिन्नमत नोंदवले.

त्याच वर्षाच्या नव्या कायद्याने बलात्काराची व्याख्या लिंगनिरपेक्ष केली.