तगाईपासून सन्मान निधीपर्यंत

सरकारने शेतकऱ्याच्या हाती पैसा द्यावा, ही गोष्ट आपल्या चामोर्शी भागास नवी नाही. बदलला आहे तो त्यामागील हेतू आणि पैसा येण्याचा मार्ग. वैनगंगेच्या काठी धानाच्या बांध्या कसण्यात ज्यांच्या अनेक पिढ्या गेल्या, त्या आपल्या ज्ञातिबांधवांनी हा इतिहास जाणून घ्यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

इंग्रजी अमलात आपला मुलूख मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडत असे. १८८३ च्या कायद्याने विहीर, बांध अशा जमीनसुधारणेसाठी व १८८४ च्या कायद्याने बियाणे, बैल यांसाठी सरकार कर्ज देऊ लागले. यासच आपले वाडवडील तगाई म्हणत. ते साहाय्य खरे, परंतु ते ऋण होते. व्याजासह फेडावे लागे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला, तेव्हा अशा ऋणाचे ओझे किती जड झाले असेल, याची कल्पना कास्तकारास सांगावयास नको. शिवाय मालगुजारी गावांत रयत व सरकार यांच्यामध्ये मालगुजार उभा असे. १९५१ साली ती पद्धती संपली आणि कास्तकाराचा सरकारशी सरळ संबंध आला.

पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने किसान सन्मान निधी सुरू केला. वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. आरंभी असलेली दोन हेक्टरांची मर्यादा त्याच वर्षी उठली. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तितकीच भर घातली. २०२३-२४ च्या हंगामात धान उत्पादकांस हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, प्रोत्साहनपर जाहीर झाले. हे ऋण नव्हे. याची वसुली नाही आणि मधला माणूसही नाही.

मालगुजार गेला, पण आता दाराशी सातबारा उभा आहे. ज्याचे नाव त्यावर, त्याचाच हक्क. आमच्या परिचयातील एका घरी आजोबांची जमीन तीन भावांनी तोंडी वाटून घेतली. धुरे पडले, नांगर चालले. फेरफार मात्र कोणीच केला नाही. योजना आली तेव्हा तिघांपैकी एकाचेही नाव कागदावर निघेना. धाकट्या भावाची विधवा दरवर्षी रोवणीस गुडघाभर चिखलात उभी राहते. पण कागदाच्या लेखी ती शेतकरीच नव्हती! पात्रतेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख मुक्रर झाली होती. त्यानंतर पाच वर्षे, धारकाच्या मृत्यूमुळे वारसास आलेली जमीन वगळता, मालकीतील कोणताही बदल ग्राह्य धरला जाणार नव्हता. आळसाची किंमत ही अशी मोजावी लागते.

दहा हजार वा अधिक मासिक निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस हा निधी मिळत नाही. सबब आम्हांस यात कोणताही स्वार्थ नाही. तरी शिक्षकाच्या जुन्या सवयीने एक गृहपाठ देतो. घरोघरी सातबारा काढून वाचावा. मृतांची नावे असतील तेथे वारस नोंद करवून घ्यावी. आणि ती करताना आई, पत्नी व लेकी यांची नावे गाळू नयेत. १९५६ च्या वारसा कायद्याने व त्यातील २००५ च्या सुधारणेने त्यांचा हक्क मान्य केला आहे. जमीन कसणाऱ्याचे नाव जमिनीच्या कागदावर असावे, याहून मोठा सन्मान कोणता?