मीठ एकाचे, चाकरी दुसऱ्याची

बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालतो, बोटे दाबतो आणि सौदा ठरतो. कोणाच्या पदरात किती पडले, ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. दलाल हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही तो यामुळेच. विम्याच्या दलालांचा इतिहास मी वाचू लागलो, तोही मनात हे उपरणे धरूनच.

घरी येऊन हप्ते समजावणारा एजंट निराळा. तो कंपनीचा माणूस. दलाल हा गिऱ्हाइकाचा माणूस. मौज अशी की, त्याची दलाली बहुधा निघते ती हप्त्याच्या रकमेतून, म्हणजे कंपनीच्या हातून! लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने बोलणी करावीत वधूपित्याच्या वतीने आणि पाहुणचार झोडावा वरपक्षाचा, त्यातलाच हा प्रकार.

ही रीत रुळली लंडनमध्ये. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे कप्तान आणि व्यापारी जमत. पुढे तेथे विम्याचा बाजारच भरू लागला. दलाल विम्याचा कागद घेऊन एकेका धनिकापुढे जाई. तो आपण किती जोखीम उचलतो ते लिहून खाली सही करी. जहाज त्याने पाहिलेलेही नसे. ते जुने झाले आहे की काय, बंदरात पोचायला उशीर का झाला, हे ठाऊक मालकाला आणि त्याच्या दलालाला! सारा व्यवहार शब्दावर. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात बजावले की, एकालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्याने दुसऱ्यापासून दडवता कामा नये.

पण त्याच बाजारात तेव्हा जुगारही रंगला होता. बडा माणूस आजारी पडला की, ज्यांचे त्याच्याशी काडीचे नाते नाही असे लोक त्याच्या जिवावर विमा उतरवीत. लंडनमध्ये राहणारा शेव्हालिए देऑन हा फ्रेंच मुत्सद्दी पुरुष की स्त्री, यावरही पैसे लागले. १७७७ साली एका शल्यवैद्याने अशाच कागदावरून एका दलालाला कोर्टात खेचले आणि पंचांनी देऑन स्त्री असल्याचे धरून कौल दिला. १८१० मध्ये देऑन वारला, तेव्हा वैद्यांनी देह तपासला. तो पुरुष निघाला!

भल्या मंडळींना या संगतीची लाज वाटू लागली. १७६९ साली त्यांनी जुने कॉफीगृह सोडून नवे लॉइड्स काढले. १७७१ मध्ये एकूण ७९ जणांनी नव्या जागेसाठी प्रत्येकी १०० पौंड घातले. त्यांना कोणा सरकारने हुकूम केला नव्हता. ज्याच्या जगण्यात तुमचा काही हितसंबंध नाही, त्याच्या जिवाचा विमा उतरवायचा नाही, असे पार्लमेंटने ठरवले ते १७७४ मध्ये.

पुढे ब्रिटनने १९७७ साली दलालांच्या नोंदणीचा कायदा केला. गिऱ्हाइकाचे हित इतर सर्व विचारांच्या आधी, असा नियम आला. पण कायद्याने राखून ठेवले ते ‘विमा दलाल’ हे नाव तेवढे. ज्याला नियम जड वाटला, त्याने दारावर ‘विमा सल्लागार’ अशी पाटी लावली आणि धंदा तोच चालू ठेवला! हा कायदा २००१ मध्ये रद्द झाला.

उपरण्याखालचा हात मला पुन्हा आठवला तो न्यूयॉर्कमुळे. मार्श अँड मॅक्लेनन ही जगातली बडी दलाल कंपनी. ती विमा कंपन्यांकडून वरकड मोबदला घेऊन त्यांच्याकडे गिऱ्हाइके वळवते, आणि दाखवण्यापुरती खोटी दरपत्रकेही मागवते, असा आरोप तिथले सरकारी वकील एलियट स्पिट्झर यांनी २००४ मध्ये केला. २००५ साली ८५ कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले. ती रक्कम ज्यांचे नुकसान झाले त्या विमेदारांसाठी होती.

आपल्याकडे परवानाधारक दलाल आले ते २००२ च्या नियमांनी. त्यांना आचारसंहिता जोडलेली होती, आणि काम विमेदाराच्या हिताचे करावे असे तीत लिहिले होते. दलाली मात्र अजूनही बहुधा कंपनीच देते.