पायापुढची रेघ

पार्किन्सन म्हटलं की डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. मराठी नावही तसंच: कंपवात. पण या आजाराचा इतिहास वाचत गेलो तेव्हा मला त्यात हातापेक्षा पायच जास्त दिसले.

१८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतले तिघे रस्त्यात दिसलेले. एक तर नुसता लांबून. थरथरणारा हात दवाखान्यातही दिसतो, चाल कळते ती रस्त्यावर. पुढे झुकलेलं अंग आणि चालता चालता इच्छा नसताना पळायला लागणं, दोन्ही त्याने तेव्हाच टिपलं. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी ओळखलं की ही मंद हालचाल म्हणजे अशक्तपणा नव्हे. स्नायूंत ताकद असते, तरी पाऊल वेळेवर पडत नाही.

कारण सापडायला मात्र शतक उलटलं, आणि त्या वाटेत मुंबईही लागते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसरपिन घेणाऱ्या काहींमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी तेच सशांना दिलं. ससे निपचित पडले. एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हलू लागले. हे १९५७ मधलं. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना पार्किन्सनने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी आढळलं. पुढच्याच वर्षी एल-डोपाच्या इंजेक्शनने अंथरुणाला खिळलेली माणसं काही काळ उठून चालली. गंमत म्हणजे आपल्या खाजकुइलीच्या बियांत हेच एल-डोपा असतं. भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्येच वेगळं केलं होतं.

पण गोष्ट गोळीवर संपली नाही. औषधाने पाऊल मोठं होतं, वेग येतो. तरी अनेकांचे पाय दारात किंवा वळताना अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होतात. यावर औषध दर वेळी पुरेसं पडत नाही.

इथे मला सगळ्यात आवडलेला माणूस येतो, लंडनचे डॉ. जेम्स पर्डन मार्टिन. १९६७ च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की अडलेला रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो. चालण्याच्या दिशेने उभ्या आखलेल्या रेघांचा तसा उपयोग होत नाही. आज याचा अर्थ साधारण असा लावतात: सवयीचं चालणं मेंदूचा जो खोल भाग आपोआप सांभाळतो, तो आजारात कोलमडतो. रेघ दिसली की प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकायचं काम होतं आणि ते दुसऱ्या वाटेने पार पडतं. मेट्रोनोमच्या ठेक्याने किंवा मोजत चालण्यानेही हेच साधतं. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तर चार पावलं धड न चालणारा पण सायकल झकास चालवणारा रुग्ण जगापुढे आणला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा तात्पुरत्या पळवाटेला फारसा मान नसतो. मूळ दोष दुरुस्त करा, असं आम्ही म्हणतो. पार्किन्सनचा मूळ दोष अजून कुणाला दुरुस्त करता आलेला नाही. गोळ्या आणि मेंदूतले इलेक्ट्रोडसुद्धा लक्षणंच हलकी करतात. मग दारासमोर चिकटवलेल्या रंगीत टेपला कमी का लेखायचं?

घरात कुणाचे पाय असे अडले तर हात धरून ओढू नका, तोल जातो. क्षणभर थांबू द्या. मग आपलं पाऊल त्यांच्या पायापुढे आडवं ठेवा आणि म्हणा, "हे ओलांडा."